मदत हवी आहे: पार्टनरला सैन्यातून काढलं, पण पत्रात कारणच लिहिलेलं नाही

डहाळी:
नमस्कार, घाईत लिहितेय. माझ्या पार्टनरला १९८४ मध्ये सैन्यातून काढलं, तिचं एका बाईवर प्रेम होतं म्हणून. आता सरकारकडे अर्ज करायचाय पण तिच्याकडे एकच पत्र आहे आणि त्यात 'यापुढे सेवेची गरज नाही' एवढंच. खरं कारण कुठेच नाही. पुरावा काय जोडू? ती म्हणते सोड आता, पण मला सोडायचं नाहीये. कुणी केलंय का हे?

जुना_फौजी:
ताई, असा अर्ज आपल्याकडे नाहीच. समलैंगिक संबंध गुन्हा नाही हा कलम ३७७ चा २०१८ चा निकाल नागरिकांसाठी, फौजेला आर्मी अ‍ॅक्ट वेगळा. २०१७ ला नौदलाने लिंगबदलाची शस्त्रक्रिया केलेल्या खलाशाला घरी पाठवलं, कारण हेच, 'सेवेची गरज नाही'. आणि १९८४ ला आपल्या फौजेत बायका फक्त मेडिकल आणि नर्सिंगला होत्या, तुमच्या पार्टनर नर्स होत्या का?

जर्सीकर:
आधी डीडी २१४ म्हणजे सैन्यातून सुटल्याचा दाखला काढा, त्यावर डिस्चार्ज कुठल्या प्रकारचा ते लिहिलेलं असतं. मग रेकॉर्ड दुरुस्तीच्या बोर्डाकडे अर्ज. २०११ ला समलैंगिकांवरची बंदी उठल्यापासून इकडे अमेरिकेत बऱ्याच जणांचे बदलून मिळालेत.

डहाळी:
अहो ब्रिटन! आम्ही लेस्टरला राहतो, लिहायचं राहिलं, सॉरी. ती आर्मीत ड्रायव्हर होती. मिलिटरी पोलिसांनी तिचं कपाट उघडलं, मैत्रिणीने पाठवलेली वाढदिवसाची कार्डं नेली आणि दोन दिवस एकेका ओळीचा अर्थ विचारत बसले. तेव्हा ती २३ वर्षांची होती.

टेम्सकाठी:
मग सोपं आहे. माझ्या ऑफिसातल्या एकांचा अर्ज मी शेजारी बसून भरलाय म्हणून सांगतो. समलैंगिकांवरच्या बंदीचा फटका बसलेल्या माजी सैनिकांसाठी १३ डिसेंबर २०२४ ला भरपाईची योजना सुरू झाली, मुदत १२ डिसेंबर २०२६ पर्यंत, २७ जुलै १९६७ ते ११ जानेवारी २००० या काळात सैन्यात असलेल्या अशा सगळ्यांसाठी. काढून टाकलेल्यांना सरसकट ५०,००० पौंड, आणि चौकशी, छळ, तुरुंगवास झाला असेल तर त्याचे वेगळे २०,००० पर्यंत, तेव्हा कपाटाचं आणि त्या दोन दिवसांचं नक्की लिहा. पत्रावर कारण नसणं ही तर तेव्हाची रीतच होती, फाइल संरक्षण मंत्रालय स्वतः शोधतं, तुम्ही फक्त जे झालं ते तिच्या शब्दांत लिहा.

कायदेकानू:
वकील लावा. एवढ्या रकमेच्या कामात स्वतः फॉर्म भरू नये.

टेम्सकाठी:
कशाला? वकील त्यातून हिस्सा घेणार. 'फायटिंग विथ प्राइड' ही अशा माजी सैनिकांचीच संस्था आहे, ते मदत करतात. उगाच घाबरवू नका.

कायदेकानू:
घाबरवत नाहीये. माझ्या भावाचा अपघाताचा क्लेम एका चुकीच्या तारखेवरून अडकला होता.

सायली_ठाणे:
पैसे घेऊन काय होणार? अब्रू गेली ती गेली. मी असते तर अर्जच केला नसता.

टेम्सकाठी:
पैशांशिवायही आहे ना. पद परत मिळतं, काढून घेतलेली पदकं मिळतात, एथर्टन रिबन ही सन्मानाची फीत मिळते, या सगळ्या अन्यायाची चौकशी केलेल्या लॉर्ड एथर्टन यांच्या नावाची. २०२३ च्या जुलैत पंतप्रधान सुनक यांनी संसदेत माफी मागितली ती त्यांच्याच अहवालावर.

नवा_विद्यार्थी:
अवांतर, पार्टनरला ही रक्कम मिळाली तर तुमच्या व्हिसाला उत्पन्न म्हणून धरतात का?

डहाळी:
व्हिसाचं मी विचारलेलं नाही, मला कायम राहायची परवानगी आहे. @सायली, तुमचं पटतं मला, पण ती अजून पोस्टमन दिसला की दार लावून घेते हो. तिला कुणीतरी लेखी सांगायला हवं की चूक तुझी नव्हती. @टेम्सकाठी, तिच्या पेन्शन क्रेडिटवर (कमी उत्पन्नाच्या ज्येष्ठांची सरकारी मदत) परिणाम होईल का?

टेम्सकाठी:
नाही, कर नाही आणि सरकारी मदतीत धरत पण नाहीत. सर्व्हिस नंबर आहे का? असला तर फाइल पटकन सापडते.

डहाळी:
पत्रावर तो भाग फाटलाय. आत्ता विचारलं तर गॅसपाशी उभी होती, मागे न बघता एका दमात पूर्ण नंबर सांगितला. लिहून घेतलाय. शनिवारी बसतो दोघी.