मातीच्या भिंतीपलीकडे पीसीवरचा गेम टॅबवर कसा आणायचा?

सातपुड्याची_पोर (चोपडा)

आमचं घर अर्धं जुनं, अर्धं नवं. पुढे स्लॅब, मागे आजोबांनी बांधलेलं धाब्याचं घर तसंच ठेवलंय. पीसी वरच्या स्लॅबच्या खोलीत आहे (रायझेन ५, आरटीएक्स ३०५०). एप्रिल लागला की दुपारी तिथे कूलर लावूनही बसवत नाही. पारा ४४-४५ वर जातो आणि स्लॅब रात्रीपर्यंत तापलेलाच राहतो. थंडावा फक्त मागच्या खोलीत. तिथे आजीची खाट आहे आणि गुडघ्यांमुळे तिला जिना चढता येत नाही.

आजीला माझा ट्रकचा गेम बघायला आवडतो, युरो ट्रक सिम्युलेटर २. आजोबा केळीच्या ट्रकबरोबर थेट दिल्लीपर्यंत जायचे, त्यामुळे तिला रस्ता, ढाबा, वजनकाटा सगळं कळतं. मी चालवते आणि ती शेजारून विचारत राहते, "आते कोनतं गाव उनं?" दिवाळीत पीसी खाली आणला होता, तेव्हापासूनची ही गोडी. दर वेळी पीसी उचलून आणणं शक्य नाही, म्हणून टॅबवर मूनलाइट (पीसीवरचा गेम टॅबवर दाखवणारं ॲप) टाकलं आणि टॅब धरता येईल असा ब्लूटूथ गेमपॅड घेतला.

ओसरीत, राऊटरजवळ, चित्र बऱ्यापैकी चालतं. मागच्या खोलीत गेलं की चौकोन पडतात, आवाज तुटतो, ट्रक वळायच्या आधी कठड्याला घासतो. वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यावर जोडलं तर कनेक्शन टिकतं, पण चित्र गोठत गोठत पुढे सरकतं. पीसीही वायफायवरच आहे. भिंती पांढऱ्या मातीच्या, दोन हात जाड.

इंटरनेटवाला म्हणतो १०० चा प्लॅन सोडून ३०० चा घ्या. दुकानदार म्हणतो रिपीटर (वायफायचा सिग्नल पकडून पुढे सोडणारं यंत्र) लावा. पैसे एकदाच घालायचे आहेत. आणि "ओसरीत बसून खेळ" असं कृपया सांगू नका, आजी ओसरीत येऊ शकत नाही.

धुळे_केबलवाला

ताई, प्लॅनला हात लावू नका. मी नेटवर्किंगचीच कामं करतो, अगदी खात्रीने सांगतो. तुमचा गेम पीसीतून राऊटरला आणि राऊटरमधून टॅबला जातो. बाहेर इंटरनेटवर तो जातच नाही. राऊटरची फायबर काढून बघा, मूनलाइट चालूच राहील.

अडचण दोन ठिकाणी आहे. पहिली म्हणजे पीसी वायफायवर असणं. प्रत्येक चित्र हवेतून दोनदा जातंय, आधी पीसी ते राऊटर, मग राऊटर ते टॅब, तेही एकाच चॅनलवर वेळ वाटून घेत. सेकंदाला ६० फ्रेमच्या (चित्रांच्या) गेममध्ये एका चित्राला १६.७ मिलिसेकंद मिळतात. त्यात पीसीने चित्र दाबून लहान करायचं, पाठवायचं, टॅबने उलगडायचं. हवेत थोडी जरी गर्दी झाली तरी चित्र चुकतं. म्हणून आधी पीसी केबलने राऊटरला जोडा. एवढ्यानेच ओसरीतला खेळ आणखी सुधारेल.

दुसरी तुमची भिंत. जी भिंत ऊन आत येऊ देत नाही तीच वायफायही अडवते, आणि ५ गिगाहर्ट्झला २.४ पेक्षा जास्त अडवते. रिपीटर ओसरीत लावला तर त्याच भिंतीतून ओरडणार. मागे लावला तर त्याला मुळात तुटका सिग्नल मिळणार, तोच तो पुन्हा हवेत सोडणार. वर उशीर वाढेल तो वेगळाच. तो घेऊ नका.

तार भिंतीपलीकडे न्या. राऊटरपासून कॅट ६ केबल घ्या (कॅट ५ई सुद्धा पुरते, १०० मीटरपर्यंत गिगाबिट देते). पण संपूर्ण तांब्याचीच मागा. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली स्वस्त केबल खूप विकली जाते, ती गळ्यात पडू देऊ नका. जुन्या भिंतीला ड्रिल लावू नका, माती सुटत जाते. केबल धाब्यावरून नेऊन वरच्या झरोक्यातून आत सोडा. उघड्यावरचा भाग पीव्हीसी पाइपमध्ये घाला, आपल्या उन्हात साध्या केबलचं आवरण तडकतं. पाइपचं तोंड खाली वळवा, म्हणजे पावसाचं पाणी आत येणार नाही. विजेच्या तारेला समांतर नेऊ नका.

आत ॲक्सेस पॉइंट (केबलवरून आलेलं नेटवर्क वायफायने देणारा डबा) लावा. घरात जुना ड्युअल बँड (२.४ आणि ५ दोन्हींवर चालणारा) राऊटर पडला असेल तर तोही चालेल: त्याचं डीएचसीपी (उपकरणांना आयपी पत्ते वाटायचं काम) बंद करा, आयपी पत्ता वेगळा द्या, केबल लॅन पोर्टमध्ये घाला. त्याच्या वायफायला नाव वेगळं ठेवा, नाहीतर टॅब पुढच्याच राऊटरला चिकटून बसेल. ५ गिगाहर्ट्झचं चॅनल ३६ ते ४८ मधलं निवडा.

मूनलाइटमध्ये ७२० पी, ६० फ्रेम, १० एमबीपीएसपासून सुरुवात करा. टॅबच्या पडद्याला ते पुरतं. नीट चाललं की १०८० पी आणि २० करा. आकडेवारी पडद्यावर दाखवायचा पर्याय चालू ठेवा. नेटवर्कमध्ये फ्रेम गळतायत की टॅबला उलगडायला वेळ लागतोय, हे तिथे वेगवेगळं दिसतं.

पीसीवर सनशाइन (मूनलाइटला गेम पाठवणारा प्रोग्राम) टाकलंय ना? एनव्हिडियाने हेच काम करणारं स्वतःचं गेमस्ट्रीम २०२३ मध्ये गुंडाळलं, त्यामुळे जुने व्हिडिओ बघून सेटिंग शोधू नका.

भुसावळ_यार्ड

मनं घर बी आसंच शे, ताई. केबलवाल्या दादांनी सगळं बरोबर सांगितलंय, फक्त विजेचं राहिलं. राऊटर आणि मागचा ॲक्सेस पॉइंट दोन्हींना १२ व्होल्टचा छोटा यूपीएस लावा (अडॅप्टरवर व्होल्ट बघून घ्या). लोडशेडिंगमध्ये पीसी यूपीएसवर टिकतो, पण राऊटर बंद पडला की टॅबवरचा गेम थांबतो.

आणि ट्रकचा गेम स्ट्रीमिंगला अगदी योग्य आहे. क्रिकेट २४ मध्ये बॅटिंगचं टायमिंग थोड्या उशिरानेही चुकतं, तिथे मी अजून पीसीसमोरच बसतो.

सातपुड्याची_पोर (चोपडा)

दादा, दोघांचेही मनापासून आभार. केबल टाकली, भावाचा जुना राऊटर मागे लावला. आता १०८० पी वर एकही चौकोन दिसत नाही. काल संध्याकाळपर्यंत आजीबरोबर गाडी चालवली. अंधार पडल्यावर ती म्हणाली, आता गाडी उभी करून ड्रायव्हरला जेवू दे.

दोन गोष्टी राहिल्या. वरचा मॉनिटर बंद केला की टॅबवर काळा पडदा येतो. आणि गेमपॅडची बटणं मधूनच अडकल्यासारखी होतात.

धुळे_केबलवाला

वा, आजींना नमस्कार सांगा!

मॉनिटर बंद झाला की पीसीला पडदा सापडत नाही, मग सनशाइन पाठवणार काय? ग्राफिक्स कार्डात एचडीएमआय डमी प्लग खोचा, बोटाएवढा असतो. पीसीला मॉनिटर जोडलेलाच वाटतो.

बटणांसाठी आधी टॅब मागच्या राऊटरच्या ५ गिगाहर्ट्झवरच आहे ना, ते बघा. ब्लूटूथ २.४ वर चालतं, वायफायही तिथेच असेल तर दोघांची ओढाताण होते. तरी अडकलं तर गेमपॅड टाइप-सी वायरने जोडा.

आता पीसी केबलवर आहे, तर बायोसमध्ये (पीसी सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) वेक ऑन लॅन, म्हणजे नेटवर्कवरून पीसी जागा करायची सोयही चालू करून घ्या. विंडोजमध्ये नेटवर्क कार्डाच्या सेटिंगमध्येही ते चालू लागतं. मग पीसी बंद न करता स्लीपवर ठेवा. मूनलाइटमधून तो खालूनच जागा करता येतो, भर दुपारी वर जायला नको.