खेळाडूंकडून कंपन्यांनी नेमकं काय शिकायचं? (चर्चा)

बारक्या (धागाकर्ता)

परवा आमच्या कंपनीचा 'इनोव्हेशन डे' झाला. लोणावळ्याचं रिसॉर्ट, सकाळी पोहे, दहाला एका माजी खेळाडूचं भाषण. जिद्द, चिकाटी, पहाटे चारचा गजर. टाळ्या. मग एचआरने पिवळ्या चिठ्ठ्या वाटल्या: प्रत्येकी तीन नव्या कल्पना लिहा. मी एकच लिहिली, 'जेवणाच्या सुट्टीत मीटिंग लावू नका.' ती काही भिंतीवर चिकटली नाही.

खेळाडूंकडून शिकण्यासारखं खूप आहे, पण उचललं जातं ते भलतंच. डिक फॉसबरी घ्या. १९६८, मेक्सिको ऑलिंपिक, उंच उडी. बाकीचे तोंड खाली करून दांडीवरून पलटी मारत होते, हा पठ्ठ्या पाठ टाकून, डोकं आधी घालून गेला. २.२४ मीटर, सुवर्ण. हे तंत्र त्याला कुठल्या शिबिरात सुचलं नव्हतं. शाळेत असताना जुनी कात्रीची (एकेक पाय दांडीवरून टाकायची) उडी मारता मारता एका स्पर्धेत तो दर उडीला थोडा थोडा मागे कलत गेला आणि एका दुपारीत साधारण अर्धा फूट वाढवून बसला. कॉलेजातल्या कोचला त्याला पलटीच्याच पद्धतीवर आणायचं होतं, पण आकडे बघून त्यांनीच माघार घेतली.

आता उंच उडीचा नियम बघा. लागोपाठ तीनदा दांडी पडेपर्यंत तुम्ही स्पर्धेत असता. सुवर्ण नक्की झाल्यावर फॉसबरीने विश्वविक्रमासाठी २.२९ लावली आणि तिन्ही वेळा पाडली. म्हणजे जिंकणाराही बहुधा दांडी पाडूनच घरी जातो! आमच्याकडे एकदा पडली की अप्रेझलमध्ये नोंद. माझं म्हणणं एवढंच, की पहाटे चारचा गजर राहू द्या, ते तीन प्रयत्न तेवढे द्या.

चाकणकर

असहमत. मैदानात टेप असते. २.२४ म्हणजे २.२४, कोचला आवडो न आवडो. आमच्याकडे नव्या कल्पनेची उंची साहेब डोळ्यांनी मोजतात, तेही मूड बघून. तीन काय, तीस प्रयत्न दिलेत तरी काय फरक पडणार?

दुसरं, फॉसबरी दिसतो कारण तो जिंकला. उलटंसुलटं करून मान मोडून घेतलेल्यांना भाषणाला कोण बोलावतं? आणि जुनी पद्धत काही लगेच मेली नाही. सोव्हिएत संघाच्या याश्चेन्कोने १९७८ मध्ये जुन्याच पलटीने २.३४ चा विश्वविक्रम केलाय. मेक्सिकोनंतर दहा वर्षांनी!

मधली_आळी

दोघंही गादी विसरलात. पूर्वी पलीकडे भुसा नाहीतर लाकडाच्या चिपा असायच्या, तिथे पाठीवर पडायची कोणाची छाती होणार? फॉसबरीच्या शाळेत त्याच सुमारास फोम आला. आधी गादी, मग उडी. आमच्या बँकेत 'धाडस करा' असा मेल येतो, पण एक कर्ज बुडालं की सही कोणाची ते शोधायला माणूस येतो. खाली फरशी आहे हे माहीत असलं की सगळे कात्रीनेच उडी मारतात हो.

सायकलवेडा

गादी दिली तरी पंच असतातच. ग्रॅम ऑब्री, स्कॉटलंडचा. सायकल स्वतः बनवली, तिच्यात वॉशिंग मशीनचं बेअरिंग. हात छातीखाली दुमडून बसायची तऱ्हाही त्याची स्वतःची. जुलै १९९३, नॉर्वे, तासाचा विक्रम, म्हणजे एका तासात जास्तीत जास्त अंतर. पहिल्या दिवशी हुकला. पाय आखडू नयेत म्हणून रात्री भरपूर पाणी प्यायला, म्हणजे सारखं उठावं लागेल आणि उठलं की ताण देता येईल. दुसऱ्या सकाळी ५१.५९६ किलोमीटर!

आणि सायकल महासंघाने काय केलं? १९९४ मध्ये ती बसण्याची पद्धतच बंद केली. त्याने हात पुढे ताणून नवीन पद्धत काढली, तर पुढे तीही बंद. संस्था नवेपणाशी कशी वागते हे शिकायचं तर खेळाडूंपेक्षा महासंघांकडे बघा.

मॅनेजर_आहे_माफ_करा

तुम्ही लोक सगळे बंडखोरच शोधता. ब्रिटिश सायकलिंगवाल्या डेव्ह ब्रेल्सफर्डनी एक-एक टक्का सुधारायचं धोरण ठेवलं: हात कसे धुवायचे, उशी कुठली न्यायची. २००८ च्या बीजिंगमध्ये ८ सुवर्ण. संस्थेला रोज फॉसबरी झेपत नाही, पण उशी झेपते.

सायकलवेडा

माफ केलं. पण त्याच ब्रेल्सफर्डांच्या टीम स्काय या व्यावसायिक सायकल संघावर २०१८ मध्ये ब्रिटिश संसदेच्या समितीने ताशेरे ओढले. नियमात बसणारी औषधं, पण उपचारापेक्षा कामगिरीसाठी वापरली, नैतिक रेषा ओलांडली, असं म्हटलं. संघाने आरोप नाकारले ते वेगळं. तरी एक-एक टक्का खरवडत गेलं की शेवटी माणूस कुठे पोचतो, हेही भाषणात सांगा म्हणावं.

मधली_आळी

अवांतर: आपला स्वप्नील कुसाळे. कोल्हापूरकडचा, मध्य रेल्वेत टीसी, २०२४ ला पॅरिसमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्य. बढती पदकानंतर मिळाली. रेंजवरची त्याआधीची वर्षं कोणाच्या हिशोबात धरायची?

चाकणकर

ताई, हिशोबाचंच सांगतो. आमच्या लाइनवर एक ब्रॅकेट उलटं बसायचं, रिजेक्शन व्हायचं. रात्रपाळीच्या एका फिटरने भंगारातली पिन घेतली आणि पार्ट धरणाऱ्या फिक्स्चरवर वेल्ड केली. उलटा पार्ट आता बसतच नाही. रिजेक्शन बंद. कायझेन बोर्डावर (छोट्या सुधारणांचा फलक) फोटो लागला, सर्टिफिकेट आणि पाचशेचं कूपन मिळालं. पुढच्या महिन्यात प्रत्येक शिफ्टचं टार्गेट चाळीस पार्टने वाढवलं, सगळ्यांचं. शिफ्टमधली पोरं त्याच्याशी आठवडाभर धड बोलली नाहीत. परवा म्हणाला, "अजून एक जमेल असं दिसतंय, पण राहू दे."

त्याला मी फॉसबरी सांगू?

बारक्या

नका सांगू. 'टेप नाही' हा तुमचा मुद्दाही मान्य. पण इथे तर टेप होती की! रिजेक्शन शून्यावर आलं, मोजून. मोजल्यावर दांडी तुम्ही लोकांनी वर नेलीत आणि उडी त्याच्या मित्रांना मारायला लावलीत. मैदानात उंची सगळ्यांना आधी माहीत असते, आणि कुठल्या उंचीपासून उडी घ्यायची ते खेळाडू ठरवतो. सुधारणा कोणाचीही असो, त्या लाइनचं टार्गेट सहा महिने हलवायचं नाही, एवढं लेखी द्या त्याला.

मॅनेजर_आहे_माफ_करा

सहा महिने कोणी देणार नाही. कस्टमर दर वर्षी भाव कमी करून मागतो, तो काय आकाशातून आणायचा? तीन मागा.

चाकणकर

तीन मागतो. सोमवारी प्रॉडक्शन मीटिंग आहे. दुसरी आयडिया काय ते मात्र त्याने मलाही सांगितलेलं नाही.