जुलैत रतनवाडीला गाडीने मुक्काम: तंबू कोणता घ्यावा?

मुलुंड_चेकनाका
नमस्कार मंडळी. भंडारदऱ्याच्या पलीकडे रतनवाडीला जुलैत दोन रात्री राहायचा बेत आहे. मी, बायको आणि नऊ वर्षांची लेक. गाडी वॅगनआर. गावात ओळखीचं घर आहे, त्यांच्याच घरामागे पडीक तुकड्यावर तंबू लावायचा. एका दुकानात ३००० मिमीचा थ्री-सीझन (कडक हिवाळा सोडून बाकी ऋतूंचा) तंबू दाखवला. दुसरा म्हणतो, एवढ्या पावसात जायचं तर फोर-सीझनच घ्या. मेहुण्याचं म्हणणं, गाडीच्या टपावरचा घे, चिखलाची कटकटच नको. बजेट पंधरा हजार, थोडं ताणता येईल. काय घेऊ?

गोरेगावचा_गण्या
ओळखीचं घर आहे ना? मग ओसरीवर पथारी टाका आणि पंधरा हजारांचे मासे खा.

पार्लेकरीण
गण्या, गप रे.

मुलुंडकर, फोर-सीझन डोक्यातून काढून टाका. तो बर्फाच्या वजनासाठी बांधलेला असतो. जाळी कमी, कापड जास्त. आपल्याकडे जुलैत छळतो तो दमटपणा. तिघांचा श्वास रात्रभर कोंडला की पहाटे आतून पाणी ओघळायला लागतं, आणि माणसं दुकानदाराच्या नावाने खडे फोडतात की तंबू गळतो. तेव्हा आतला तंबू भरपूर जाळीचा, बाहेरची फ्लायशीट, म्हणजे पावसाचं आवरण, जमिनीच्या जवळपर्यंत येणारी, दोन्हींच्या मध्ये हात जाईल एवढी फट, आणि पावसातही उघडे ठेवता येतील असे वरचे झरोके. एवढं असेल तर थ्री-सीझन पुरेसा.

३००० मिमी म्हणजे कापडावर तीन मीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ तोलला जाईल इतका दाब. छपराला हे भरपूर झालं. तळाचं गणित वेगळं, कारण ओल्या जमिनीवर गुडघा टेकला की तेवढ्याच जागी दाब एकदम वाढतो. तळाला ५००० असेल तर उत्तम. पण मी आकड्याआधी शिवण बघते. दुकानात फ्लायशीट उलटी करायला लावा आणि जिथे तीन शिवणी एकत्र येतात तिथली पाणी अडवणारी टेप नखाने हलकेच उचलून बघा. कोपरा सुटत असेल तर पुढचा तंबू दाखवा म्हणायचं. दुकानदार तोंड वाकडं करतो, करू दे.

दांडे ॲल्युमिनियमचे. जोराच्या वाऱ्यात फायबरग्लास चिरफाळतो, ॲल्युमिनियम वाकला तरी बहुतेकदा रात्र निभावून नेतो. गाडीने जाताय, म्हणजे वजनाची फिकीर नाही, तेव्हा तिघांना चार-पाच जणांचा घ्या. मात्र आत उभं राहता येणारा उंच तंबू नको, वारा त्याला शिडासारखा धरतो.

आणि मेहुण्याला सांगा, टपावरचे तंबू बहुतेक पन्नास-साठ किलोंच्या घरातले. गाडीच्या पुस्तिकेत टपाला चालत्या गाडीत किती भार चालतो ते बघा, त्यात कॅरिअरचंही वजन धरा. शिवाय रात्री दोन वाजता लेकीला लघवीला जायचं असेल तर भर पावसात शिडी कोण उतरणार? मेहुणा?

कसारा_लोकल
ताईंच्या म्हणण्यात एक भर. तंबूसोबत येतात त्या बारीक तारेच्या मेखा घरीच ठेवा. तिकडे कुठे चिखल, कुठे वीतभर मातीखाली कातळ. चिखलाला लांब, रुंद मेखा, आणि कातळावर दोर सरळ मोठ्या धोंड्याला. एखादा दोर गाडीच्या चाकालाही बांधता येतो, फक्त सकाळी चावी फिरवायच्या आधी सोडा म्हणजे झालं! पावसाळी वारा नैर्ऋत्य-पश्चिमेकडून येतो, त्या अंगाला गाडी आडवी लावा. जवळच्या घाटघरला नगरची चेरापुंजी उगाच म्हणत नाहीत. ओढ्याचा काठ, उताराचा पायथा आणि जुनं झाड, तिन्ही टाळा. अभयारण्याचा परिसर आहे, त्यामुळे खासगी जागा सोडून भलतीकडे तंबू ठोकू नका. हवामान खात्याचा रेड अलर्ट लागला तर कसारा घाट चढूच नका.

मुलुंड_चेकनाका
ताई, दादा, मनापासून आभार. दोनच शंका. पावसात चहा तंबूच्या पोर्चमध्ये केला तर चालेल का? आणि वन-बीएचकेमध्ये ओला तंबू वाळवायचा कुठे?

पार्लेकरीण
चहा त्यांच्या चुलीवरच प्या. पोर्चमध्ये स्टोव्ह नको. कापड बघता बघता पेटतं, आणि दारं बंद असली की कार्बन मोनॉक्साइड कोंडतो. त्याला वास नसतो, म्हणून कळतही नाही. स्वतःच करायचा तर गाडीची डिकी उघडून तिच्यावर मोठी ताडपत्री ताणा आणि तिच्या बाहेरच्या कडेला, चारी बाजू मोकळ्या ठेवून करा. ताडपत्रीला एका बाजूला उतार द्या, नाहीतर मध्ये पाणी साचून खोलगा धरतो.

वाळवण्याचं म्हणाल तर आमच्याकडे हॉलमध्ये पंख्याखाली दोरी बांधून फ्लायशीट टाकते, आणि आतला तंबू दुसऱ्या दिवशी. सासूबाई त्याच्याखालून वाकून ये-जा करतात. पण आळस नको. कापडाच्या आतला पाणी अडवणारा पीयूचा (पॉलियुरेथेनचा) लेप दमटपणात कुजत जातो, चिकट होतो, आंबूस वास मारायला लागतो, आणि मग काही उपाय चालत नाही. मुंबईच्या हवेत घट्ट गुंडाळून माळ्यावर टाकलात तर हमखास हेच होणार. पूर्ण वाळला की जुन्या उशीच्या अभ्र्यात सैल कोंबून कपाटात ठेवा. आणि निघायच्या आधी एकदा सोसायटीच्या गच्चीवर लेकीला घेऊन लावून बघा, पावसात पहिल्यांदाच सूचनांचा कागद वाचायची वेळ येऊ देऊ नका. गच्चीवर मेखा लागणार नाहीत, पाण्याचे कॅन बांधा.

गोरेगावचा_गण्या
ओसरीचं मी अजूनही म्हणतोय.