फाईलवर ‘चर्चा करावी’ शेरा आला की पुढे काय?

प्रश्न: खरेदीच्या टिप्पणीवर साहेबांचा नुसता ‘चर्चा करावी’ असा शेरा आहे. हा नकार समजायचा का?

उत्तर 1: नकार नाही, पण निर्णयही नाही. चर्चा तोंडी होते, फाईल तुमच्याच टेबलावर राहते. त्याच दिवशी खाली लिहा: ‘आजच्या चर्चेनुसार दर पुन्हा तपासले, परिच्छेद 3 मान्यतेस्तव सादर.’ सही-तारीख हवीच.

उत्तर 2: ‘मान्यतेस्तव’च लिहा हं! ‘अवलोकनार्थ’ लिहिलंत तर साहेब ‘पाहिले’ म्हणून सही करतील आणि मंजुरी कागदावर कुठेच नसेल. लेखापरीक्षणात नेमकं हेच निघतं.

उत्तर 3: महाराष्ट्राच्या 2005 च्या विलंब प्रतिबंध कायद्यानुसार (सरकारी कामातला उशीर रोखणारा कायदा) फाईल एका टेबलावर साधारणपणे कामकाजाच्या 7 दिवसांहून जास्त राहू नये. शेऱ्यात ‘चर्चा’ असली तरी नोंदीत फाईल तुमच्याच नावावर दिसते.