अ‍ॅमस्टरडॅम: कालव्यावरचं घ्यावं की रेम्ब्रांटप्लाइनचं?

पक्या_कोथरूड: मे मध्ये मी, बायको आणि आई, चार रात्री. दोन बुटीक हॉटेलांवर गाडी अडलीय. एक प्रिन्सेनग्राख्तवर, वेस्टरकेर्क चर्चजवळ, जुनं घर, खिडकीत कालवा, पण लिफ्ट नाही. दुसरं रेम्ब्रांटप्लाइनला, लिफ्ट आहे, खोली काडेपेटीएवढी. दोन खोल्यांचे मिळून रात्रीला ३५० युरो, वर एक पैसा नाही. आई ६८, गुडघे कुरकुरतात. कुठलं घेऊ?

खमंग_काकडी: लिफ्ट नाही तिथेच विषय संपला. तिथले जिने म्हणजे माळ्यावर चढायची शिडी. आम्ही तिसऱ्या मजल्यावर होतो, नवरा बॅग वरून ओढतोय मी खालून डोक्याने ढकलतेय आणि मधेच चेन उसवून जिनाभर चकल्या. रिसेप्शनवरच्या मुलीने त्यातली एक उचलून खाल्ली वर अजून आहेत का विचारलं.

गोट्या७९: म्हणून तर तिकडच्या घरांना वर आकडा असतो, सामान दोरीने ओढून खिडकीतून आत.

खमंग_काकडी: सासूबाईंना पण ओढायचं का त्याने?

ठाणे_वेस्ट: आम्ही कालव्यावरच राहिलो, ४८० युरो एका खोलीला, पण नाश्ता काय होता! आयुष्यात एकदाच जातो, बजेट वगैरे सोडा हो.

निद्रानाश: रेम्ब्रांटप्लाइन म्हणजे बारचा अड्डा. शनिवारी पहाटेपर्यंत खिडकीखाली गाणी, तीही बेसूर. मला त्यांची पाठ झाली.

गोट्या७९: आणि वेस्टरकेर्कच्या घंटा पाव-पाव तासाला वाजतात त्याचं काय?

निद्रानाश: घंटा दारू पीत नाही.

वहिनी_ऑन_व्हील्स: मी असते तर युट्रेख्तला राहिले असते, ट्रेनने अर्धा तास, आणि कालवे तिथेही आहेत.

खमंग_काकडी: अहो त्यांनी दोनातलं एक विचारलंय.

सेंट्रल_लाईन: भांडा नंतर. पक्या, आधी दोन्हीकडे मेल टाक, आईसाठी तळमजल्याची खोली आहे का. कधीकधी असते पण साईटवर दिसत नाही. दुसरं, टूरिस्ट टॅक्स १२.५ टक्के आहे, तो दाखवलेल्या भावात धरलाय का बघ, नाहीतर तुझे ३५० तिथेच फुटले. कालव्यावरचं घेतलंस तर स्टेशनवरून वेस्टरमार्क्टला, म्हणजे चर्चजवळच्या स्टॉपला, १३ किंवा १७ नंबरची ट्राम, बँकेचं कार्ड टॅप केलं की झालं. अ‍ॅन फ्रँकचं घर बघायचं असेल तर तिकीट फक्त ऑनलाईन, दर मंगळवारी सहा आठवडे पुढची सुटतात.

ठाणे_वेस्ट: लिफ्ट बघूनच घ्या, आमच्याकडे होती.

पक्या_कोथरूड: सगळ्यांचे आभार. मेल केला, कालव्यावरच्याला तळमजला नाही, पहिला मजला आहे, १७ पायऱ्या. टॅक्स धरून ३६८ होतायत. मी रेम्ब्रांटप्लाइन बुक करायला बसलो तर आईने मागून कालव्याचा फोटो बघितला. म्हणाली, "माघात जेजुरीचा गड चढले तेव्हा तू खाली भजी खात बसलेलास, मला पायऱ्या सांगू नकोस." कालव्याचं बुक केलंय.

खमंग_काकडी: चकल्या हँडबॅगेत ठेवा.