मदत हवी आहे : तरुण संघासाठी ‘आजच्या मूर्ती’

सर्वांना सलाम. नाशिकला शरणपूर रोडजवळ आमचा ख्रिस्ती तरुण संघ भरतो. पुढच्या रविवारी बायबलमधल्या कलस्सैकरांस ३:५ (प्रेषित पौलाचं पत्र) वर बोलायचंय. तिथे पौल लोभालाच मूर्तिपूजा म्हणतो.

अडचण अशी, की हा विषय काढला की पोरं लगेच शेजाऱ्यांच्या देवघरावर घसरतात. ते मला नको आहे (आमचे निम्मे नातेवाईक हिंदू आहेत, आणि यहेज्केल संदेष्ट्याच्या पुस्तकात, अध्याय १४ मध्ये, मनात मूर्ती ठेवल्याचा ठपका देवाच्याच लोकांवर आहे). गंगापूर रोडचा फ्लॅट, मुलांचे मार्क, रील्सचे लाइक्स, एखादा यूट्यूबवरचा पास्टर, यांच्यावर बोलायचंय.

२ राजे १८:४ मधला पितळी सर्पही घ्यावा म्हणतोय. देवाच्याच आज्ञेवरून मोशेने केलेला, तरी लोक त्याला धूप जाळू लागले आणि हिज्कीया राजाने तो फोडला. म्हणजे चांगली गोष्टही मूर्ती होते. पण नोकरी किंवा घर फोडून टाकता येत नाही, मग करायचं काय? उपास, दशमांश (कमाईचा दहावा भाग देवाला देणं), रविवारी मोबाइल बंद, यातलं तुमच्याकडे टिकलं काय? आणि पोरांना गप्प न बसवता बोलतं करतील असे दोन-तीन प्रश्न सुचवाल का? सातपूर-अंबडच्या कारखान्यांत शिफ्टमध्ये काम करणारेही असतात, त्यांना रविवारची सुट्टी नसते, हे धरून सांगा.