कमिटवर सही सक्तीची करायची आहे: जीपीजी ठेवू की एसएसएच?

महापे_डेव्ह: महापेच्या ऑफिसात आठ जण, रेपो (कोडचा साठा) गिटहबवर, पाच विंडोज आणि तीन उबुंटू. क्लायंटच्या ऑडिटमध्ये मुद्दा निघालाय की मेन ब्रँचवर (मुख्य कोडमध्ये) डिजिटल सही नसलेला कमिट (बदलाची नोंद) जाता कामा नये. दोन उबुंटूंवर जीपीजी (सही करणारं एन्क्रिप्शन टूल) लावलं, तर एकावर 'जीपीजी फेल्ड टू साइन द डेटा' येतं. सोमवारपासून सक्ती करायची आहे. कुठून सुरुवात करू?

वागळे_इस्टेट: तो एरर बहुतेक वेळा पासफ्रेज (कीचा पासवर्ड) विचारायला टर्मिनल न सापडल्याचा असतो. बॅशआरसीत (टर्मिनलच्या सेटिंगच्या फाइलीत) जीपीजी_टीटीवाय व्हेरिएबल एक्स्पोर्ट केलंत की जातो. पण आठ जणांसाठी जीपीजीच्या मागे लागूच नका. गिट 2.34 पासून एसएसएच-कीनेच (सर्व्हरवर लॉगिनसाठी वापरतात ती) सही करता येते. गिट कॉन्फिगमध्ये तीनच गोष्टी ग्लोबल लावा: जीपीजी.फॉरमॅट एसएसएच, युजर.साइनिंगकी ला पब्लिक फाइलचा पाथ (शेवटी .पब असलेली), आणि कमिट.जीपीजीसाइन ट्रू.

आता जिथे सगळे अडकतात ते. गिटहबवर तीच की पुन्हा, 'साइनिंग की' प्रकार निवडून टाकावी लागते. पुश करायला (कोड वर पाठवायला) टाकलेली ऑथेंटिकेशनची नोंद इथे चालत नाही. शिवाय कमिटमधला ईमेल त्या अकाउंटवर व्हेरिफाय केलेला हवा. कुणाच्या लॅपटॉपवर घरचा जीमेल राहून गेला असेल, तर सही बरोबर असूनही 'अनव्हेरिफाइड'च दिसणार.

ऐरोली_नाका: विंडोजवाल्यांनी एक बघा. गिटसोबत येणारं एसएसएच-कीजेन (इथे सही करणारा प्रोग्राम) विंडोजच्या एसएसएच एजंटशी (की सांभाळून ठेवणारी सर्व्हिस) बोलत नाही, त्यामुळे दर कमिटला पासफ्रेज मागतं. जीपीजी.एसएसएच.प्रोग्राम ला सिस्टम32 मधल्या ओपनएसएसएच फोल्डरातलं एसएसएच-कीजेन द्या आणि विंडोजची एजंट सर्व्हिस चालू करून की त्यात टाका. पासफ्रेजच काढून टाकायचा 'उपाय' कुणी सुचवला तर ऐकू नका. लॅपटॉप गेला की सहीही गेली.

महापे_डेव्ह: गिटहबवर हिरवं 'व्हेरिफाइड' आलं! पण लोकली गिट लॉगला शो-सिग्नेचर दिलं की अलाउडसाइनर्सफाइल कॉन्फिगर करा म्हणतंय.

वागळे_इस्टेट: बरोबर आहे, कोणती की कुणाची हे तुमच्या मशीनला ठाऊक नाही. एक टेक्स्ट फाइल करा, माणशी एक ओळ: ईमेल, मग पब्लिक-की. जीपीजी.एसएसएच.अलाउडसाइनर्सफाइल ला तिचा पाथ द्या. कुणी नोकरी सोडली तर ओळ पुसू नका, व्हॅलिड-बिफोर लावून तारीख टाका. पुसलीत तर त्याचे जुने कमिटही लोकली पडताळता येणार नाहीत.

ऐरोली_नाका: सक्ती करण्याआधी गिटहबवरचं 'रिबेस अँड मर्ज' (बदल मेनमध्ये घेण्याचं) बटण बंद करा. त्यात कमिट नव्याने तयार होतात, हॅश (कमिटचा ओळख-क्रमांक) बदलतो, मूळ सही उरत नाही. साधा मर्ज कमिट ठेवलात तर त्यावर गिटहब स्वतःच्या कीने सही करतं. आणि सोमवारीच सक्ती नको. आधी आठवडाभर सगळ्यांचे कमिट हिरवे दिसू द्या, बिल्ड सर्व्हरवरचा बॉट (आपोआप चालणारी स्क्रिप्ट) व्हर्जन बंप करून (आवृत्तीचा आकडा वाढवून) पुश करतो का तेही तपासा. त्याच्याकडे की नसते आणि पहिला रिजेक्ट त्याचाच होतो.